उभ्या गाडीची राखण

आमचे अब्बा एस.टी.त चालक होते. नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी मुक्कामी गाड्यांवर काढली. खेड्यात दिवस काढलेल्यांना मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगायला नको. दिवस मावळता मावळता शेवटची फेरी गावात यायची, रात्रभर तिथंच थांबायची आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघायची. चालक-वाहक गाडीतच झोपायचे, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. अब्बा म्हणायचे, गाडी चालवण्यात काही विशेष नाही, खरी परीक्षा ती उभी करण्यात आहे. त्यांचं दखनीतलं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं : "चलती गाडी अपने हात में रहती बेटा, खडी गाडी दुनिया के हात में."

या वाक्याचा अर्थ कळायला आम्हाला २०१३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून आम्ही एक जुनी मारुती ८०० घेतली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, या गाडीचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आमच्या घरी गाडी आली ती तिचा जमाना संपताना. पण आमच्यासाठी ती नवीच होती. अम्मीनं नजर उतरवली, मुलांनी मागच्या सीटवर कोण खिडकीशी बसणार यावरून भांडण केलं आणि पहिले आठ दिवस नांदेड शहर आम्हाला एकदम लहान वाटायला लागलं.

नवव्या दिवशी वजिराबादेत कपड्याच्या दुकानातून बाहेर आलो तर डाव्या दारावर वीतभर चरा. कुण्या दुचाकीच्या पायदानानं ओढलेला. दुचाकीही नव्हती आणि दुचाकीवालाही नव्हता. आम्ही तिथंच उभे राहून बोटानं तो चरा पुसत राहिलो, जणू पुसल्यानं जाईल. मुलांची अम्मी म्हणाली, "चला, लोक बघायलेत."

त्या दिवसापासून आमच्या घरात राखण सुरू झाली. रात्री दोनदा उठून खिडकीतून गाडी बघणं, पहाटे फजरला जाताना हात लावून बघणं. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना आम्ही हाकलायला लागलो. हीच पोरं दिवसा आमच्या शाळेत आमच्यासमोर बसायची. अम्मी एकदा सहज बोलून गेली, "गाडी आई, बच्चों की गल्ली गई." आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अब्बांनी मात्र त्रागा केला नाही. त्यांनी आम्हाला उभी गाडी शिकवायला घेतली. पन्नाशीकडं झुकलेला मास्तर पुन्हा विद्यार्थी झाला.

त्यांचा पहिला धडा जागेचा. पार्किंगची जागा आखताना एका मोटारीला साधारण अडीच मीटर रुंदी धरतात. आमची मारुती दीड मीटरलाही कमी पडायची, तेव्हा दोन्ही बाजूंनी माणूस आरामात उतरायचा. पण आजच्या मोठ्या गाड्या पावणेदोन मीटरच्या पुढं गेल्यात. तशा दोन गाड्या शेजारी-शेजारी लागल्या की मध्ये पाऊण मीटरच्या आतबाहेर जागा उरते. एवढ्यात कुणी घाईनं दार उघडलं की त्याची कड शेजारच्या दारावर बसलीच. म्हणून अब्बा सांगायचे, शक्यतो कोपरा धरावा, एका बाजूला भिंत असली की निम्मी भीती गेली. ज्या गाडीला आधीच चार ठिकाणी मार लागलाय तिच्या शेजारी लावू नये, कारण तिच्या मालकाला पाचव्याचं काही वाटत नाही. गाडी मागं घेऊन लावावी, तोंड बाहेरच्या रस्त्याकडं ठेवावं. निघताना घाई असते आणि घाईत मागं बघून गाडी काढणं म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करणं. आरसे दुमडावेत. चाक सरळ ठेवावं. आणि समोरच्या काचेत आपला फोन नंबर लिहून ठेवावा. कुणाला गाडी काढायची असली तर तो हाक मारील, ढकलून, घासून वाट काढणार नाही.

दुसरा धडा धुळीचा. आपल्याकडं गाडीवर धूळ बसली की पोरं बोटानं नाव लिहितात. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ते नाव धुतल्यावरही उन्हात तिरकं बघितलं की दिसतं. आम्ही सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसायचो, तेही तेच काम करत होतं. अब्बा म्हणाले, आधी पाणी, मग फडकं. कव्हर घालायचं तर तेही धुऊन काढलेल्या गाडीवर. धुळीवर कव्हर टाकलं आणि वारा सुटला की ते रात्रभर पॉलिश-पेपरसारखं घासत बसतं. झाडाखालचंही तसंच. आपल्या उन्हाळ्यात सावली सोडवत नाही, पण पाखरांची घाण उन्हात वाळली की रंगावर डाग धरते. ती खरवडायची नाही, ओल्या फडक्यानं भिजवून उचलायची.

या सगळ्या शिकवणुकीला दोनदा वेगळं उत्तर मिळालं. फेब्रुवारीअखेर आणि मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. लातूरला आमच्या सासुरवाडीच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर जागोजागी पोचे आले. सासऱ्यांनी फोनवर त्याचा उल्लेखही केला नाही. ते शेतात आडव्या झालेल्या गव्हा-ज्वारीचं सांगत होते. मग आला एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणायची वेळ आली. त्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला गेलो तेव्हा आमच्या गाडीवर बोटभर धूळ होती आणि ती धुवायचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. पोरांनी तिच्यावर बोटानं चित्रं काढली. आम्ही काही बोललो नाही. घागरभर पाण्यापुढं गाडीचा रंग काय, हे तेव्हा आम्हाला समजलं होतं. पण समजलेलं टिकतंच असं नाही.

आता जे सांगायचं आहे त्याकडं येतो.

जानेवारी २०१८ मध्ये लातूरला मुलांच्या मामूंच्या घरी लग्न होतं. सकाळी नांदेडहून निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा रस्ता आम्हाला तोंडपाठ. अहमदपूरजवळ चहाला थांबलो. उसाचे दिवस होते, धाब्यासमोर उसानं लादलेले ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या. आम्ही मिळेल तिथं गाडी घुसवली, चहा घेतला, निघालो. अब्बांना गुडघ्यांचा त्रास म्हणून ते घरीच राहिले होते. ते असते तर निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारली असती. एस.टी.तली त्यांची ती सवय. मुक्कामाला गाडी लावली की एक चक्कर, पहाटे स्टार्टर मारायच्या आधी दुसरी. आम्ही तिला हसायचो. "अब्बा तवाफ करायलेत," असं मुलं म्हणायची आणि अम्मीचा मार खायची.

लातुरात शिरल्यावर बांगड्या घ्यायला गंजगोलाईत थांबलो. गोलाई बघितली की आम्हाला नेहमी आमचे दादा आठवतात. १९१७ साली बांधलेली ती गोल, दुमजली इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ, आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. दादा अहमदपूरकडच्या खेड्यातून तूर घेऊन बैलगाडीनं इथं यायचे. बैल सोडायचे, जू खाली टेकवायचे, कडबा टाकायचे आणि आडतीवर जायचे. भरलेली गाडी कुणाच्या भरवशावर? शेजारच्या गाडीवानाच्या. तो गेला की दादांनी त्याची बघायची. नाव-गाव माहीत नसलं तरी चालायचं. पावती नाही, शिट्टी नाही. मुलांना हे सांगता सांगता मामू आले, त्यांनी गोलाईसमोर सगळ्यांना गाडीला टेकून उभं केलं आणि फोनमध्ये फोटो काढला.

तिथून हॉलवर गेलो. फाटकावर पाटी होती : वाहने आपल्या जबाबदारीवर उभी करावीत. पाटीखाली सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा शिट्टी घेऊन उभा. पावतीचे दहा रुपये मागितले. आम्ही म्हटलं, जाताना देतो. त्यानं "बरं साहेब" म्हणून आम्हाला भिंतीच्या कडेची जागा दाखवली, मागं घेताना हातानं इशारे केले. सगळं अब्बांच्या धड्याप्रमाणं झालं. कोपरा, भिंत, तोंड बाहेर, आरसे दुमडलेले. आम्ही निश्चिंत होऊन निकाहला बसलो.

जेवण करून बाहेर आलो तर उजव्या मागच्या दारावर पोचा आणि तिथून चाकापर्यंत लांब चरा. खालचा पत्रा दिसत होता.

आम्ही त्या पोराला बोलावलं. बोलावलं म्हणजे ओरडलो. तो पळत आला. बघितलं. म्हणाला, "साहेब, मी इथनं हाललो नाही बघा. इथं कुणी लावलंच नाही काही." आम्ही म्हटलं, मग काय हवेनं झालं? तो काहीतरी सांगायला लागला, आम्ही सांगू दिलं नाही. चार पाहुणे जमले. कुणी म्हणालं, ही पोरं फोनमध्ये तोंड घालून बसतात. कुणी म्हणालं, त्यानंच कुण्या गाडीला धक्का देताना लावली असेल. कुणीही बघितलेलं नव्हतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. पार्किंगचा मुकादम आला. त्यानं आमची माफी मागितली, पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." पोरगा शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या हातात देऊन गेला. ते दहा रुपये आम्ही दिले नाहीत. मुलांची अम्मी गाडीत बसल्यावर चाकूर येईपर्यंत आमच्याशी बोलली नाही.

रात्री नांदेडला पोहोचलो. अब्बा काठी टेकत बाहेर आले, बॅटरी लावून चरा बघितला, हात फिरवला. काही बोलले नाहीत. आत मुलं मामूंनी पाठवलेले फोटो बघत बसली होती. तेवढ्यात आमची मुलगी म्हणाली, "अब्बू, ये तो पहले से है."

गंजगोलाईसमोरचा फोटो. आम्ही सगळे हसतोय आणि धाकट्याच्या कोपरामागं, उजव्या मागच्या दारावर, तोच पोचा, तोच चरा.

फोटो हातोहात फिरला. कुणी काही बोलेना. म्हणजे हॉलवर यायच्या आधीच गाडीला लागलं होतं. ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसानं, का ट्रॉलीच्या लोखंडी कडेनं, का आणखी कशानं, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. आम्ही चक्कर मारून बघितलं नव्हतं, एवढंच ठाऊक आहे. अब्बांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "उस बच्चे का क्या हुआ?"

आम्ही सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाके आव."

त्या रात्री झोप लागली नाही. पोचा डोळ्यांपुढून गेला होता, शिट्टी जात नव्हती. संशयाची चव आम्हाला ठाऊक नाही असं नाही. नवीन नोकरीच्या गावी खोली शोधताना, नाव सांगेपर्यंत रिकामी असलेली खोली नाव सांगितल्यावर भरलेली निघाली, हे आम्ही अनुभवलं आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांनी ते अनुभवलं असेल. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि जाब त्याला विचारला जातो, जो समोर उभा असतो आणि ज्याचं कुणी ऐकून घेणार नसतं. याच गोष्टीवर आम्ही मित्रांमध्ये तावातावानं बोलतो, लेख लिहितो. आणि आमच्या हातात एक शिट्टीवाला पोरगा सापडला तेव्हा आम्हीही पुरावा मागितला नाही. पुरावा मामूंच्या खिशातल्या फोनमध्ये होता. आपल्यात जान, माल आणि अब्रू ही तीन नावं एका दमात घेतली जातात. आम्ही आमच्या मालासाठी त्याची अब्रू घेतली होती, आणि तीही चुकीच्या हिशेबानं.

पुढच्या रविवारी लातूरला गेलो. मामूंनी चौकशी करून पोराचं घर शोधलं होतं. तो दारातच भेटला. आम्हाला ओळखून दोन पावलं मागं सरला. आम्ही फोटो दाखवला, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. तो फोटोकडं बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीपुढं एक जीप लावत होते. तुमची निघणार नाही म्हणून मी लावू दिली नाही. हेच सांगत होतो तेव्हा." आम्ही पाचशे रुपये पुढं केले. त्यानं ते घेतले, मोजल्यासारखे चाचपले आणि खिशात घातले. मग विचारलं, "मुकादमाला सांगाल का?"

आम्ही मुकादमाकडं गेलो. तो चहा पीत बसला होता. सगळं ऐकून हसला. "तुम्ही एवढ्यासाठी आले? जाऊ द्या गुरुजी, दुसरं पोरगं लावलं." आम्ही पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा मान हलवली. पाच दिवसांपूर्वी आमचं ओरडणं त्यानं एका दमात ऐकलं होतं. आमची माफी काही त्याच्या कानात शिरली नाही. पोरगा पुढं कुठं कामाला लागला, ते मामूंनाही कळलं नाही.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पेपरात वाचला. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ साली एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली होती. त्यानं किल्ली हॉटेलच्या माणसाकडं दिली होती. पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. न्यायालयानं सांगितलं, गाडी एकदा ताब्यात घेतली की नुसत्या छापील वाक्यानं हॉटेलला हात झटकता येणार नाहीत. १८७२ च्या करार कायद्यात याची मुळं आहेत : दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यानं, साधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. वाचताना वाटलं, ही तर आपली अमानत. आमच्या बाबतीत किल्ली आमच्याच खिशात होती, तेव्हा आमचा मामला निराळा. पण एक गोष्ट मनात राहिली. कायदा जाब विचारतो तो धंदा करणाऱ्याला. आम्ही विचारला तो रोजावरच्या पोराला. हॉलच्या मालकाचं तोंडही आम्ही बघितलं नव्हतं.

त्या चऱ्याचा विम्यातून दावा आम्ही केला नाही. हिशेब साधा होता. लहान गाडीला हजार रुपये तर आपल्याच पदरचे जातात, आणि दावा केला की 'नो क्लेम बोनस' संपतो. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०, अशी चढत गेलेली सवलत पुन्हा शून्यावर येते. छोट्या चऱ्यासाठी एवढं परवडत नाही. मेस्त्रीनं पूर्ण दार रंगवायचं म्हटलं. अब्बा म्हणाले, नक्को. उघड्या पत्र्याला पावसाळ्यात गंज धरतो म्हणून त्यांनी चरा स्वच्छ करून त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले. गंज धरला नाही. चरा राहिला.

गाडी अजून आमच्याकडं आहे. गल्लीतली पोरं पुन्हा क्रिकेट खेळायला लागली आहेत. चेंडू लागतो कधीमधी. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी नांदेडचे रस्ते रुंद झाले होते, तेव्हा वाटलं होतं, आता जागाच जागा. गाड्या त्याहून लवकर वाढल्या. आता बाजारात गाडी लावायची म्हणजे पाच चकरा माराव्या लागतात.

आम्ही मात्र काही गोष्टी नेमानं करतो. पावतीचे पैसे आत शिरतानाच देतो. राखणदाराला नाव विचारतो. मग त्याला सोबत घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि चारही बाजूंनी फोटो काढतो. परवा देगलूर नाक्याजवळ एका लग्नात असाच फोटो काढत होतो, तर तिथला पोरगा जरा घुश्शात म्हणाला, "आमच्यावर भरोसा नाही का चाचा?"

आम्ही त्याला मागच्या दारावरचा चरा दाखवला आणि म्हटलं, "बेटा, हा आधीचा आहे, बघून ठेव. फोटो तुझ्यासाठी काढतोय."